नियम ढिले नकोत, क्रम ठरवून द्या : औषध दुकानाच्या जागेबाबत औषध विक्रेत्यांचे मागणीपत्र

प्रति,
१) मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
२) मा. मंत्री, नगरविकास, महाराष्ट्र राज्य
३) मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन
४) जिल्ह्यातील महापालिका आयुक्त, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी

विषय : नव्या औषध दुकानाच्या जागेची बांधकाम परवानगी, आतील दुरुस्ती आणि औषध परवाना यांचा मेळ घालण्याबाबत.

महोदय,

जिल्ह्यातील औषध विक्रेत्यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करत आहोत. औषध दुकानाचे नियम कडक असावेत, हे आम्हाला मान्य आहे. जिथून इन्सुलिन, प्रतिजैविके आणि झोपेच्या गोळ्या विकल्या जातात ती जागा कोरडी, स्वच्छ, पुरेशी मोठी आणि फार्मासिस्टच्या नजरेखाली असलीच पाहिजे. आमचे दुखणे वेगळे आहे. दुकानाची जागा कशी असावी हे दोन खाती दोन वेगळ्या कायद्यांखाली ठरवतात. त्यांच्या अटी एकत्र लिहिलेल्या कुठेच सापडत नाहीत आणि त्यांतली कोणती आधी पूर्ण करायची, हेही कोणी सांगत नाही. त्यामुळे गाळा भाड्याने घेऊन, फर्निचर करून, फार्मासिस्ट नेमून झाल्यावर अर्जदाराला कळते की जागाच चालणार नाही.

आजची पद्धत

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार किरकोळ विक्रेत्याला फॉर्म २० आणि फॉर्म २१ मधील परवाने घ्यावे लागतात. नियम ६४ नुसार किरकोळ किंवा घाऊक दुकानाची जागा किमान १० चौरस मीटर हवी. दोन्ही व्यवसाय एकाच जागेत करायचे तर १५ चौरस मीटर हवी. ती औषधांचे गुणधर्म टिकवणाऱ्या साठवणुकीच्या सोयींनी सज्ज आहे, याची खात्री पटल्याखेरीज अधिकाऱ्याला परवाना देता येत नाही. थोडक्यात, तपासणीच्या दिवशी दुकान तयार असावे लागते. रॅक, काउंटर, फ्रिज आणि फार्मासिस्ट, सगळे जागेवर.

दुसरीकडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आहे. त्याच्या व्याख्येनुसार इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल हाही ‘विकास’च असतो आणि त्याला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मेडिकल काढायचे, तर तो वापरबदल ठरतो. बृहन्मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. राज्याच्या बहुतेक उर्वरित भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे.

या दोन वाटा एकमेकींना भेटत नाहीत. परवान्याचे सरकारी शुल्क दोन्ही फॉर्म मिळून तीन हजार रुपये आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. खरा खर्च थांबण्याचा आहे. अनामत रक्कम, महिन्याचे भाडे, सुतारकाम, फ्रिज, फार्मासिस्टचा पगार हे सगळे परवान्याच्या आधी सुरू होते आणि परवाना हातात येईपर्यंत एक गोळीही विकता येत नाही. विनापरवाना विक्री हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि तो असावाच. पण मग रिकाम्या रॅकसमोर बसून भाडे भरण्याचा काळ कमीत कमी ठेवणे, ही शासनाची जबाबदारी ठरते.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर परवान्याचे नूतनीकरण उरलेले नाही. दर पाच वर्षांनी शुल्क भरत राहिले की परवाना कायम राहतो. याचा अर्थ जागेची पहिली तपासणी आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे. ती नीट आणि एकाच वेळी व्हावी, यात प्रशासनाचेही हित आहे.

आमच्या मागण्या

मागणी १ : भाडेकरार करण्याआधी गाळ्याचा वापर-दाखला मिळावा.

आज नगररचना विभाग झोन दाखला देतो. त्यावरून जमीन कोणत्या विभागात येते ते कळते. त्या जमिनीवरील इमारतीतला अमुक गाळा मंजूर नकाशात दुकान म्हणून दाखवला आहे, पार्किंग म्हणून की रहिवासी खोली म्हणून, हे झोन दाखल्यावरून कळत नाही. आमच्या सभासदांपैकी जे फसले, ते बहुधा इथेच. बाहेरून शटर आहे, विजेचा व्यावसायिक मीटर आहे, मालक दुकान म्हणून भाडे घेतो आणि मंजूर नकाशात ती जागा वाहनतळाची निघते. अशा जागेत काढलेल्या दुकानाची बाजू आम्ही घेणार नाही. पण ही गोष्ट करार नोंदवण्याआधी कळायला हवी.

म्हणून प्रत्येक नियोजन प्राधिकरणाने अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत एक पानाचा दाखला द्यावा. त्यात गाळ्याचा मंजूर वापर, मंजूर नकाशानुसार चटई क्षेत्र, उंची आणि भोगवटा प्रमाणपत्राची स्थिती एवढेच असावे. मंजूर वापर ‘दुकान’ असेल, तर गृहनिर्माण संस्थेच्या ना हरकत पत्राचा आग्रह अन्न व औषध प्रशासनाच्या कोणत्याही कार्यालयाने धरू नये. नकाशाने दिलेला वापर संस्थेच्या कार्यकारिणीच्या मर्जीवर टांगता ठेवण्यात अर्थ नाही.

मागणी २ : मोजमापाची पद्धत लेखी ठरवून द्यावी.

१० चौरस मीटर म्हणजे नेमके कुठून कुठपर्यंत? आतल्या गिलाव्यापासून की प्लायवूडच्या पॅनेलपासून? ३ मीटर रुंद आणि ३.४ मीटर खोल गाळा घ्या. क्षेत्रफळ १०.२ चौरस मीटर, म्हणजे नियमात बसतो. दोन्ही बाजूंना आणि मागच्या भिंतीला ५ सेंटिमीटर जाडीचे पॅनेल लावले की आतली जागा २.९ गुणिले ३.३५ मीटर उरते. हे क्षेत्रफळ होते सुमारे ९.७ चौरस मीटर. गाळा तोच, पण निरीक्षकाने टेप कुठे लावला यावर अर्जाचे भवितव्य ठरते.

उंचीचेही तसेच. अनुसूची ‘एन’ मध्ये फार्मसीसाठी किमान २.५ मीटर उंची सांगितली आहे. तिथेच गुळगुळीत आणि धुता येणारी जमीन, भेगा-फटी नसलेल्या भिंती आणि औषधे तयार करण्याच्या विभागात एक फार्मासिस्ट असेल तर किमान ६ चौरस मीटर जागा असेही म्हटले आहे. २.७५ मीटर उंचीच्या गाळ्यात दिवे आणि एसीच्या वाहिन्या झाकायला ३० सेंटिमीटरचे फॉल्स सीलिंग केले, तर उंची २.४५ मीटर उरते. दुकानदाराला वाटते आपण दुकान देखणे केले, तपासणीत मात्र तेच अंगाशी येते. ही अनुसूची औषधे मिसळून देणाऱ्या फार्मसीला लागू आहे की केवळ तयार औषधे विकणाऱ्या दुकानालाही, याबाबत वेगवेगळ्या कार्यालयांत वेगवेगळी उत्तरे मिळतात.

म्हणून आयुक्तांनी एक परिपत्रक काढावे. क्षेत्रफळ कच्च्या गाळ्यात गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत मोजावे. त्यात रॅक आणि पॅनेलखालची जागा धरावी. पोटमाळा धरू नये. उंची तयार छतापर्यंत मोजावी. अनुसूची ‘एन’ कोणाला लागू, हेही त्यात स्पष्ट असावे. पद्धत थोडी वेगळी ठरली तरी आम्ही ती पाळू. ती सर्व कार्यालयांत एकच असावी, एवढाच आमचा आग्रह आहे.

मागणी ३ : काम सुरू करण्याआधी नकाशावर तत्त्वतः मान्यता मिळावी.

ही आमची मुख्य मागणी आहे. १९४५ चे नियम केंद्राचे आहेत आणि राज्याला ते बदलता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण परवाना देण्यापूर्वीचा एक टप्पा राज्याचे प्रशासन स्वतःच्या कार्यपद्धतीत नक्की आणू शकते. अर्जदाराने गाळ्याचा वापर-दाखला, मोजमापासह आराखडा, काउंटर, रॅक आणि फ्रिजची जागा, नळाचे पाणी आणि दारे दाखवणारा नकाशा ऑनलाइन सादर करावा. पंधरा दिवसांत कार्यालयाने ‘या नकाशाप्रमाणे काम झाल्यास जागा मान्य’ किंवा ‘हे बदल करा’ असे लेखी कळवावे. मग सुतार बोलवायचा.

यात प्रशासनाचे काम वाढणार नाही. कागदावर रेषा हलवायला एक दिवस लागतो, तर झालेली भिंत हलवायला महिना आणि भाड्याचे पैसे दोन्ही जातात. तत्त्वतः मान्यता म्हणजे परवाना नव्हे, हे आमच्या प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे. तिच्या आधारे कोणी औषध विकले, तर कारवाई व्हावी. अग्निसुरक्षा, दुकानाची नोंद आणि मराठी देवनागरी नामफलकाच्या अटींची यादीही याच पत्रासोबत जोडून द्यावी, म्हणजे प्रत्येक खात्याकडे वेगळे विचारावे लागणार नाही.

मागणी ४ : दुरुस्तीच्या कामांच्या तीन याद्या जाहीर कराव्यात.

नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये स्पष्ट तरतूद आहे. इमारतीच्या केवळ आतल्या भागावर परिणाम करणाऱ्या किंवा बाह्य स्वरूप फारसे न बदलणाऱ्या देखभाल-दुरुस्तीच्या कामांना परवानगी लागत नाही. तरीही दुकानात फरशी बदलताना वॉर्ड ऑफिसची नोटीस आल्याचे आणि काउंटर दोन फूट मागे घेतले म्हणून नवा नकाशा मागितल्याचे सभासद सांगतात. उलट काहीजण शेजारचा गाळा भिंत फोडून आत घेतात आणि कोणालाच कळवत नाहीत. या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

दोन्ही खात्यांनी मिळून कामांचे तीन गट करावेत :

अ) कोणालाही न कळवता करता येणारी कामे : रंग, गिलाव्याची डागडुजी, फरशी, दिवे, रॅकची दुरुस्ती, एसी.

ब) अन्न व औषध प्रशासनाला केवळ ऑनलाइन कळवून करता येणारी कामे : काउंटर किंवा फ्रिजची जागा बदलणे, मूळ क्षेत्र कमी न करणारा आतला पडदा किंवा केबिन. कळवल्याची पोच हीच मान्यता समजावी.

क) दोन्ही खात्यांची पूर्वपरवानगी लागणारी कामे : भिंत पाडणे, स्तंभाला हात लावणे, शेजारचा गाळा जोडणे, नवा दरवाजा, पोटमाळा टाकणे, रहिवासी जागेचे दुकान करणे.

‘क’ गटासाठी जोखमीनुसार परवानगीचे तत्त्व लावावे. एकत्रिकृत नियमावली १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामाला कमी जोखमीचे मानते आणि त्याला सोपी पद्धत देते. अख्खे घर बांधायला जे तत्त्व चालते, ते दहा-बारा चौरस मीटरच्या खोलीचा वापर बदलताना का चालू नये? परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याने संरचनेला धोका नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे आणि खोटे दिल्यास त्याच्यावर कारवाई व्हावी.

मागणी ५ : तपासणीतल्या सर्व त्रुटी एकाच वेळी, लेखी सांगाव्यात.

पहिल्या भेटीत फ्रिजची जागा चुकली, दुसऱ्या भेटीत पाटीचा आकार चुकला, तिसऱ्या भेटीत भाडेकरारातली ओळ चुकली, असे होऊ नये. निरीक्षकाने जागेवरच छापील यादीवर खुणा करून अर्जदाराला प्रत द्यावी. त्या त्रुटी दूर झाल्यावर पूर्वी दिसत असूनही न लिहिलेली नवी त्रुटी काढता येणार नाही, अशी अट असावी. रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर अपवाद करावा, पण त्याचे कारण लेखी द्यावे.

मागणी ६ : पुनर्विकास आणि स्थलांतराच्या वेळी दुकान बंद पडू नये.

परवाना त्यात नमूद केलेल्या जागेपुरता असतो. इमारत पुनर्विकासाला गेली की तिथला औषध विक्रेता आधी तात्पुरत्या जागेत जातो आणि काही वर्षांनी नव्या इमारतीत परततो. दोन्ही वेळा नवा परवाना, नवा नकाशा, नवी तपासणी. मधल्या काळात जुनी जागा बंद आणि नव्या जागेला परवाना नाही. फ्रिजमधले इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये सांभाळायच्या आणि विकायच्या मात्र नाहीत. त्या भागातल्या मधुमेही ज्येष्ठांनी तेवढे दिवस कुठे जायचे?

नव्या जागेच्या परवान्याची कार्यवाही जुनी जागा सुरू असतानाच पूर्ण व्हावी. यात एक अडचण फार्मासिस्टची आहे. एकाच नोंदणीकृत फार्मासिस्टला दोन जागांवर दाखवता येत नाही, म्हणून नव्या जागेच्या अर्जासाठी आधी जुनी जागा सोडावी लागते. स्थलांतराच्या प्रकरणात तीस दिवसांपुरता तोच फार्मासिस्ट दोन्ही जागांवर दाखवण्याची मुभा द्यावी. विक्री मात्र कोणत्याही दिवशी एकाच जागेतून होईल, हे बिलांवरून सहज तपासता येईल. पुनर्विकासाच्या मंजुरीत औषध दुकानाची तात्पुरती जागा कुठे असेल, ते विकासकाने नियोजन प्राधिकरणाला लेखी कळवावे.

मागणी ७ : रॅम्पला अतिक्रमण समजू नये.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार जनतेला सेवा देणाऱ्या जागा सर्वांना वापरता येण्याजोग्या असाव्यात. औषध दुकानाला याची सर्वाधिक गरज आहे. आमच्या ग्राहकांत चाकाच्या खुर्चीवरचे, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले आणि काठी टेकत येणारे लोक रोज असतात. पण दुकानासमोर १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर १:१२ उताराच्या रॅम्पला ५.४ मीटर लांबी लागते. सरळ रॅम्प बांधला तर तो थेट रस्त्यावर येतो आणि अतिक्रमण विभाग तो तोडून टाकतो. रॅम्प नसेल तर तिसरे खाते विचारते, रॅम्प का नाही?

महापालिकांनी औषध दुकाने आणि दवाखान्यांसाठी समासातल्या जागेत दर्शनी भागाला समांतर वळणाऱ्या रॅम्पचा नमुना नकाशा जाहीर करावा. त्याप्रमाणे केलेल्या रॅम्पला वेगळी परवानगी लागू नये. जिथे जागाच नाही, तिथे उचलून ठेवता येणारा धातूचा रॅम्प आणि बोलावण्याची घंटा पुरेशी मानावी.

मागणी ८ : गावठाणातल्या दुकानांसाठी वेगळी कागदपत्रे मान्य करावीत.

गावात जुन्या घराच्या ओसरीवर मेडिकल चालते. त्या घराला मंजूर नकाशा नसतो, कारण ते बांधले तेव्हा नकाशाची पद्धतच नव्हती. मालकाकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. आता बऱ्याच ठिकाणी स्वामित्व योजनेत गावठाणाची मिळकत पत्रिकाही निघते. एवढ्या पुराव्यावर आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर जागा मान्य व्हावी. तिथे शहरी भोगवटा प्रमाणपत्र मागू नये. इमारत मजबूत असल्याचे अभियंत्याचे प्रमाणपत्र मात्र जरूर मागावे. ज्या गावात मैलोन् मैल दुसरे औषध दुकान नाही, तिथे कागदाच्या हट्टापायी दुकान उघडलेच नाही, तर नुकसान गावाचे होते.

मागणी ९ : वरील प्रत्येक टप्पा लोकसेवा हक्काखाली आणावा.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न दिल्यास अपील करता येते आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर-दाखला, तत्त्वतः मान्यता, अंतिम तपासणी आणि स्थलांतर या चारही सेवा मुदतीसह अधिसूचित कराव्यात. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानण्याची तरतूद आहे. औषध परवान्याला असे ‘मानीव’ तत्त्व लावा, असे आम्ही म्हणणार नाही. तपासणीविना कोणाच्याही हाती औषध विक्री जाऊ नये. मात्र वापर-दाखला आणि ‘ब’ गटातली कामे यांना हे तत्त्व लावण्यास कसलीही हरकत नसावी.

आमच्या बाजूने

मागण्या एकतर्फी राहू नयेत, म्हणून संघटना पुढील गोष्टी स्वतःहून मान्य करते. सभासद जिन्याखाली, पार्किंगमध्ये किंवा ओलसर तळघरात औषधांचा साठा ठेवणार नाहीत. नोंदणीकृत भाडेकराराशिवाय अर्ज करणार नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम ५५ तसे सांगतेच. नामफलक आणि शटरची घडी पदपथावर येऊ देणार नाहीत. काम सुरू असताना धूळ आणि रंगाच्या वासाजवळ औषधे ठेवणार नाहीत. ती बंद पेट्यांत वेगळ्या खोलीत हलवतील आणि शीतसाखळीतली औषधे फ्रिजसकट वेगळी ठेवतील. दर सहा महिन्यांनी संघटना नव्या सभासदांसाठी जागेच्या नियमांचे शिबिर घेईल. त्यात नगररचना आणि औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. जो सभासद या अटी मोडेल, त्याच्या बाजूने संघटना उभी राहणार नाही.

पुढे काय

या मागण्यांपैकी २, ३, ४ आणि ५ यांना कायद्यात बदल लागत नाही. परिपत्रक आणि एक ऑनलाइन अर्ज पुरेसा आहे. १ आणि ७ यांसाठी नगरविकास विभागाचे निर्देश हवेत. ६, ८ आणि ९ यांना दोन्ही खात्यांची संयुक्त बैठक लागेल. ती बैठक हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत घ्यावी आणि तिचे इतिवृत्त संघटनेला द्यावे.

दुकाने बंद ठेवून निषेध करण्याचा आमचा विचार नाही. बंदचा भार रुग्णावर पडतो आणि आमचे भांडण रुग्णाशी नाही. तीस दिवसांत उत्तर न आल्यास संघटना प्रत्येक प्रलंबित अर्जाची माहिती अधिकाराखाली माहिती मागवेल, मुदत टळलेल्या प्रत्येक अधिसूचित सेवेबाबत अपील करेल आणि त्या नोंदी लोकप्रतिनिधींसमोर ठेवेल. ती वेळ येऊ नये, अशी आमची इच्छा आहे. पहिला हप्ता म्हणून निदान मोजमापाचे परिपत्रक आणि नकाशावरची तत्त्वतः मान्यता, या दोन गोष्टी तातडीने सुरू कराव्यात, ही नम्र विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य
जिल्ह्यातील औषध विक्रेत्यांची संघटना